उशिरा उठणारी तलवार

दोषी हे त्याचं आडनाव नव्हतं. व्हिडिओ गेमची समीक्षा लिहून झाली की शेवटी तो दोन चौकटी टाकायचा, एक गुणांची आणि एक दोषांची. गुणांच्या चौकटीत चार शब्द लिहिणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. दोषांची चौकट मात्र लांबत लांबत खालच्या जाहिरातीला जाऊन भिडायची. त्यावरून मासिकाच्या ऑफिसात कुणीतरी त्याला दोषी म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं. त्यालाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच आवडायचं. नवा गेम आला की लोक आधी विचारायचे, दोषी काय म्हणतोय, आणि मगच खिशात हात घालायचे. ज्याला एवढा मान मिळतो त्याला नाव काय पडलं याचं दुःख होत नाही.

तर या दोषीचा उजवा हात गेलं वर्षभर त्याचं ऐकेनासा झाला होता. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. घरात होती दोनच माणसं, तो आणि त्याची बायको. बायको हल्ली त्याचा चहाचा कप अर्धाच भरायची. आधी तो म्हणायचा, "अगं, हात आखडता का घेतेस?" ती म्हणायची, "साखर कमी करायचीय ना तुम्हाला." मग तो मुकाट चहा प्यायचा. साखरेचा आणि कपाच्या काठाचा काय संबंध, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण वेड पांघरून बसण्यात सोय होती आणि ती सोय दोघांनाही हवी होती.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्याच्या उतरणीला त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी सगळं खापर चिमट्यावर फोडलं. चिमटा बदलला, भिंग बदललं, दिवा बदलला, मग म्हणाले की हल्ली स्प्रिंगाच भिकार येतात. गिऱ्हाइकं एक एक करून समोरच्या दुकानात गेली तरी म्हातारा स्प्रिंगा बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत बसला. दोषीने हे लहानपणी नव्हे, चांगला बाप्या झाल्यावर पाहिलं होतं. वडिलांची त्याला कीव यायची आणि रागही यायचा. तरी आपल्यावर वेळ आली तेव्हा त्याने काय केलं, ते आता ऐका.

'बेवारस' नावाचा गेम आला. एक सामुराई, त्याचा धनी कपटाने मारलेला, हातात एक तलवार, आणि आडवा येईल त्याला कापत डोंगरापलीकडच्या किल्ल्यापर्यंत जायचं, एवढीच काय ती गोष्ट. असले मारकाटीचे गेम दोषीने ढिगाने पाहिले होते. बहुतेकांत शत्रू तिकीट खिडकीपुढे उभं राहिल्यासारखे आपापला नंबर येईपर्यंत थांबतात आणि मग मुकाट मरतात. इथले शत्रू मागून यायचे, दोघं मिळून यायचे, एक जण पाय ओढत पळाल्याचं सोंग करायचा. तलवार गवतातून गेली की गवत कापलं जायचं आणि बांबूत गेली की अडकायची. पात्याचा आवाज तर असा की पहिल्याच वाराला दोषी खुर्चीत पुढे सरकून बसला.

पण गेमचा खरा जीव होता अडवण्यात. समोरच्याची तलवार खाली येते त्या नेमक्या क्षणी कंट्रोलरवरचं तर्जनीखालचं बटण दाबायचं. जरा आधी दाबलं तर चुकलं, जरा उशीर झाला तर मेलात. नेमकं जमलं तर पोलादाचा स्वच्छ खणखणाट व्हायचा, शत्रूचा तलवारीचा हात बाजूला उडायचा आणि पुढचा वार तुमचा. दया नाही, सवलत नाही. पैसे टाकून चांगली तलवार विकत घ्यायचीही सोय नाही. माणसाने शिकायचं, मरायचं, परत शिकायचं. ज्याने कुणी ही लढाई बसवली होती त्याला तलवार म्हणजे काय ते कळलं होतं, असं दोषीने मनाशी म्हटलं आणि वाहवा करत पहिल्या पुलावर गेला.

पुलावर एक पहारेकरी होता. अगदी सुरुवातीचा, नवशिक्यांना अडवण्याचा धडा देण्यापुरता ठेवलेला. त्याने दोषीला कापलं. परत कापलं. सकाळची दुपार झाली तरी कापतच राहिला. दोषीला त्याचा वार येताना दिसत होता, खांदा कसा वळतो, टाच कशी उचलली जाते, सगळं पाठ झालं होतं. मेंदू म्हणायचा आत्ता, आणि तलवार उठायची तेव्हा सामुराई गुडघ्यावर आलेला असायचा. त्याने हातातला कंट्रोलर बदलला. टीव्ही बदलून आतल्या खोलीतला आणला. तारा बदलल्या, खुर्ची बदलली. बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"अहो, जरा हाताला आराम द्या," ती म्हणाली.

"हाताला काय झालंय? गेमच मंद आहे. बटण दाबून झालं तरी तलवार उठत नाही."

तिने वडिलांच्या चिमट्याचं नाव काढलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण तिने सासऱ्यांची शुश्रूषा केली होती, त्यांचं तोंड पुसलं होतं. तो विषय तिच्याही तोंडातून निघेना.

समीक्षा छापून आली. गुणांच्या चौकटीत आवाज होता, गवत होतं, शत्रूंची अक्कल होती. दोषांत त्याने लिहिलं की घोडा टेबलासारखा चालतो, गावं सगळी एका साच्यातली आहेत, कोपऱ्यात गेलं की भिंतीशिवाय काही दिसत नाही, आणि गोष्टीत दम नाही. पुलाअलीकडे जेवढं पाहिलं त्यापुरतं हे सगळं खरंच होतं. मग शेवटी: 'सर्वांत मोठा दोष अडवण्यात. बटण दाबल्यावर तलवार उशिरा उठते. एवढी देखणी तलवार, पण धन्याचं ऐकत नाही.'

ते शेवटचं वाक्य वाऱ्यासारखं पसरलं. जो तो तेच म्हणायला लागला. ज्यांनी गेमला हातही लावला नव्हता ते म्हणू लागले, आणि ज्यांचं आदल्या दिवशीपर्यंत उत्तम चाललं होतं त्यांनाही तलवार उशिरा उठल्याचा भास होऊ लागला. मेलेल्या प्रत्येकाला आयतं कारण मिळालं. हरलेल्या माणसाला दुसऱ्याचा दोष सापडला की तो कसा टवटवीत होतो, ते एकदा बघण्यासारखं असतं. विकत घेणाऱ्यांनी हात आखडले, घेतलेल्यांनी पैसे परत मागितले.

आणि एका सकाळी लढाईवाली ऑफिसात आली.

गेम बनवणाऱ्या कंपनीत तिला सगळे याच नावाने हाक मारायचे, कारण 'बेवारस'मधली प्रत्येक लढाई तिने बसवली होती. फार पूर्वी, कॉलेजात असताना, तिने घरी बसून काठ्यांनी मारामारी करणाऱ्या दोन आकृत्यांचा एक लहानसा गेम केला होता. त्याकडे काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. दोषीने मात्र त्यावर लिहिलं होतं, 'या पोरीला लढाई कळते.' त्या एका वाक्याच्या जोरावर ती या धंद्यात आली होती. ते कात्रण तिने पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत टेबलावर ठेवलं होतं, असं ती त्याला एकदा म्हणाली होती.

"सर, रागावू नका," ती म्हणाली. "मालकांनी मला धारेवर धरलंय. अडवणं माझं काम आहे. उशीर असेल तर मी आजच्या आज नोकरी सोडते. नसेल तर तुम्ही तेवढं एक वाक्य मागे घ्या. फक्त मला दाखवा कुठे उशीर होतो ते."

संपादकाला गंमत वाटली. त्याने बैठकीची खोली उघडून दिली आणि स्वतःही येऊन बसला. काचेच्या भिंतीबाहेर दोन-चार जण घुटमळायला लागले. लढाईवालीने आपलं गेमचं यंत्र टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर दोषीच्या हातात दिला. पडद्याच्या तळाशी तिने एक पट्टी लावली होती. बटण दाबलं की तिच्यावर पांढरी खूण उमटायची आणि तलवार उठली की तांबडी.

"खेळा, सर."

पुलावरचा पहारेकरी पुढे आला. खांदा वळला, टाच उचलली. दोषी मेला. पट्टीवर पांढरी आणि तांबडी खूण एकमेकींना चिकटून उमटल्या, मध्ये केसाचंही अंतर नव्हतं. पण दोन्ही पहारेकऱ्याचा वार बसून गेल्यावर. परत तेच. परत तेच. संपादक मान डोलावत होता. त्याला त्या खुणांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो आपला सामुराई पडताना बघत होता.

दोषीला कळत होतं. तलवार क्षणभरही थांबत नव्हती, सांगितल्याबरोबर उठत होती. तिला सांगणारं बोटच उशिरा सांगत होतं. त्याने नजर वळवली तर लढाईवाली पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. तर्जनी बटणावर होती आणि बाकीची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तडतड वाजत होती. त्या शांत खोलीत तो आवाज त्याला पहिल्यांदा ऐकू आला.

आता हिने तोंड उघडलं की संपलं. ज्याला खेळता येत नाही त्याची समीक्षा कोण छापणार? त्याला दुसरं काही येत नव्हतं. कारकुनी येत नव्हती, दुकान टाकायची अक्कल नव्हती. पण त्याहून वाईट म्हणजे काचेबाहेरची ती दोन-चार तोंडं. वर्षानुवर्षं ज्यांच्या चुका त्याने चारचौघांत काढल्या होत्या ती तोंडं. आपण होऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. आणि तो मूग गिळून बसला.

लढाईवालीने हात पुढे करून पट्टी बंद केली.

"सरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "उशीर आहे. आमचीच चूक. बघते मी."

तिचा आवाज अगदी साधा होता. संपादकाने टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं? आमच्या दोषीचा डोळा आहे तो!"

दोषी तिच्यामागोमाग लिफ्टपर्यंत गेला.

"अगं, तू असं का बोललीस?"

"मग काय बोलणार होते, सर? त्या सगळ्यांसमोर?" तिचे डोळे भरून आले होते. "डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवीन."

"दाखवा. आणि हे तुमचं तुम्ही सांगा. संपादकांना एकट्याला गाठून सांगा, तुमच्या शब्दांत सांगा. मी मालकांना दोन दिवस थोपवून धरते. पण सांगा, सर."

"आजच सांगतो," तो म्हणाला. त्या वेळी त्याला खरंच तसं वाटत होतं.

परत आला तर संपादक फोनवर कुणाला तरी हसून हीच हकिकत सांगत होता. माणूस खुशीत असताना त्याच्या आनंदावर पाणी कसं टाकायचं? जेवणानंतर सांगू, असं दोषीने ठरवलं. जेवणानंतर संपादक बाहेर गेला. तो परत येईपर्यंत मासिकाच्या वेबसाइटवर बातमी झळकली होती: 'कंपनीची कबुली: तलवार उशिरा उठते.' खाली लढाईवालीचा फोटोही होता. दोषीने ती बातमी वाचली, पिशवी उचलली आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी गेला. दुसऱ्या दिवशीही त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालं होतं. भित्रा माणूस दिवस असेच ढकलतो, आणि प्रत्येक दिवशी त्याला वाटतं की उद्या आपल्याला धीर येणार आहे.

तिकडे कंपनीच्या मालकाने कबुली वाचली आणि हुकूम सोडला. उशीर असो नसो, लोकांना वार अडवता आला पाहिजे. लढाईवालीने हातापाया पडून सांगितलं की त्यात काही बदलू नका, तोच या गेमचा कणा आहे. मालक म्हणाला, काल तर तूच चूक कबूल केलीस, मग आज कुठल्या तोंडाने सांगतेस? यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासाठी तिला एका माणसाचा हात चव्हाट्यावर मांडावा लागला असता. तिने दिलं नाही. तिने स्वतःच्या हाताने अडवण्याची ती नेमकी वेळ सैल केली.

दुरुस्त केलेला गेम आला आणि जे तो जीव लावून शिकले होते त्यांनी डोकं धरलं. आता बटण कधीही दाबलं तरी चालत होतं. आधी दाबा, नंतर दाबा, तलवार वार अडवायचीच. पुलावरचा पहारेकरी, किल्ल्याच्या दारावरचे जुळे भाऊ, शेवटचा तो एकाक्ष सरदार, सगळे केळीच्या खांबासारखे पडत होते. हा पोरखेळ कुणी केला, असं लोक विचारू लागले, तेव्हा नाव तयारच होतं. फोटोही तयार होता. नको नको ते लिहिलं गेलं तिच्याबद्दल, तिच्या दिसण्याबद्दल, तिच्या बाई असण्याबद्दल. एवढं झाल्यावर मालकाने हात झाडले आणि तिला काढून टाकलं.

त्याच आठवड्यात दोषीच्या बायकोने त्याला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली आणि कपाटातून शर्ट काढून त्याच्या हातात दिला. डॉक्टरांनी त्याला बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला लावले. मग वडिलांबद्दल विचारलं. गोळ्यांनी काही काळ बरं वाटेल, हात मात्र पूर्वीसारखा होणार नाही, असं ते म्हणाले. बाहेर बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "मी ऐकलं नसतं." पहिल्यांदाच दोघं त्यावर उघड बोलली, आणि तेवढ्यावरच विषय संपला.

संपादकाने दुरुस्त गेमची नवी समीक्षा त्याच्याकडेच सोपवली. "दोष तुम्ही काढलात, आता निकालही तुम्हीच द्या," तो म्हणाला.

दोषीने घरी गेम लावला. पूल आला. पहारेकरी आला. खांदा वळला, टाच उचलली. दोषीने बटण दाबलं, बोट नेहमीसारखंच रेंगाळलं, आणि तरीही पोलादाचा तो स्वच्छ खणखणाट झाला. पहारेकऱ्याचा हात उडाला. दोषीने वार केला. तो पूल ओलांडून पलीकडे गेला. तिथे त्याने आजवर न पाहिलेलं एक खोरं होतं, उतरतं ऊन होतं, वाऱ्याने वाकलेलं गवत होतं. तो तसाच पुढे गेला. एका मागोमाग एक शत्रू येत होते आणि त्याची तलवार प्रत्येकाला अडवत होती. त्याच्या घशातून हसू फुटलं, अगदी पोराचं हसू. मग ते हसू अर्ध्यातच विरलं. एका चांगल्या कामाचा जीव घेऊन त्यात आपल्यापुरती जागा केली गेली होती, आणि त्याला तिथे बरं वाटत होतं.

त्याने गेम थांबवला आणि लिहायला बसला. सगळं लिहिलं. हात, पट्टीवरच्या दोन खुणा, बैठकीची खोली, लिफ्ट. गेममध्ये उशीर नव्हता, तो माझ्यात होता, हेही लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. पाठवण्याआधी त्याने लढाईवालीला फोन लावला. तिला आनंद होईल, अशी त्याची समजूत होती.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नका छापू, सर," ती म्हणाली.

"अगं पण तुझ्यावरचा डाग जाईल. तुझी काही चूक नव्हती हे लोकांना कळेल."

"काय कळेल? मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले, हे कळेल. एका माणसाची लाज राखायला मी कंपनीचं काम बुडवलं, हे कळेल." ती थांबली. "उद्या एके ठिकाणी मुलाखत आहे. मोठी कंपनी आहे. त्यांना मी सांगितलंय की चूक झाली होती, त्यातून शिकले. चूक करणाऱ्याला लोक ठेवून घेतात, सर. खोटं बोलणाऱ्याला कोण ठेवेल?"

"मग मी काय करू?"

"तेव्हा सांगितलं असतंत तर..." तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच त्याला सोसवेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या.

तिच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता.

"सर," ती म्हणाली, "आता जमतं का पण? अडवायला?"

तिने टोमणा मारला की विचारपूस केली, हे त्याला कळलं नाही. कळून घ्यायचा धीरही नव्हता.

"जमतं," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याने लिहिलेलं सगळं पुसलं. मग डाव्या हाताने, एका बोटाने, एक एक अक्षर शोधत, गुणांच्या चौकटीत टाइप केलं: 'अडवणं आता नेमकं. तलवार सांगितल्याबरोबर उठते.' आणि संपादकाला पाठवून दिलं.